डबलबारीतलं स्पॅनिश गाणं

हरिदास परबाला बायकोशी दोन गोड शब्द बोलायचे होते, एवढीच खरं तर या गोष्टीतली भानगड. पण ते दोन शब्द बहारीनमधल्या तुबलीच्या गॅरेजपासून कुडाळजवळच्या घरापर्यंत पोचवायचे, तर वाटेत आई, वडील, धाकटा भाऊ, भावाची बायको, शेजारची काकी आणि चहाची वेळ साधून येणारी अर्धी वाडी एवढ्यांच्या कानांतून ते जाणार. इतक्या कानांतून गाळून गेल्यावर शब्दांत गोडवा तो काय उरणार?

नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. गावात फोन एकच, तोही रेशनच्या दुकानात, आणि त्यावर बोलायचं म्हणजे साखरेच्या रांगेसमोर भाषण करायचं. पत्र लिहायचा कंटाळा. म्हणून गल्फमधली माणसं तेव्हा कॅसेट पाठवत. शुक्रवारी सुट्टी असे. जेवण झालं की टेपरेकॉर्डर पुढ्यात घ्यायचा, लाल बटण दाबायचं, घसा खाकरायचा आणि बोलायचं. भरलेली कॅसेट सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत, मोज्यांच्या आणि अत्तराच्या बाटल्यांच्या मध्ये कोंबायची. घरी ती पोचली की पडवीत टेप मांडला जाई, त्याच्यावरचं विणलेलं झाकण निघे, आणि आकाशवाणीच्या बातम्या असाव्यात तसे सगळे पुढे बसत.

अशा सभेपुढे नवरा बायकोला काय सांगणार? हरिदास सांगे : मी बरो आसंय. तुमी सगळी बरी आसशात. कौलां पावसाआधी परतून घेवा. म्हशीक डॉक्टराक दाखवा. आणि अगदी शेवटी, कॅसेट संपता संपता, "तिका सांगा, आवशीचा औषध येळच्या येळी दी म्हणान." ही 'ती' म्हणजे राधा. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यातला सहवास म्हणाल तर लग्नानंतरचे काही आठवडे आणि मधली एक सुट्टी. आणि ती सुट्टीही घराला रंग काढण्यात आणि नातेवाइकांना साबण वाटण्यात गेली. म्हशीच्या तब्येतीबद्दल हरिदासला जेवढं ठाऊक होतं तेवढं राधेच्या मनाबद्दल नव्हतं, हे सांगायला वाईट वाटतं, पण खरं आहे.

आणि आता तिचं मन कळण्याची घाई झाली होती. हरिदास गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करी. त्याच्या हाताला गुण होता. बंद पडलेली गाडी त्याच्याकडे बघून लाजून सुरू होते, असं गॅरेजमध्ये म्हणत. गॅरेजचा मालक, ज्याला सगळे अरबाब म्हणत, तो खूश होऊन एकदा म्हणाला, "हरी, तुम फॅमिली लाओ. मैं पेपर साइन करता." फक्त उन्हाळा सुरू झाला की अरबाब लंडनला जाई, त्याच्या आत कागद व्हायला हवे होते. परत आल्यावर त्याचा हा उमाळा टिकेल याची खात्री खुद्द अरबाबलाही नसावी.

हरिदासने कॅसेटवर भीत भीत विषय काढला. उत्तराच्या कॅसेटवर वडील म्हणाले, "हय तिका काय कमी आसा?" आई म्हणाली, ती गेली तर माझं कोण बघणार. भाऊ म्हणाला, वहिनीला विमानाची भीती वाटेल. शेजारच्या काकीनेही मत दिलं. राधेला यायचंय की नाही, हे राधा सोडून सगळ्यांनी सांगितलं. राधा स्वतः म्हणाली, "मी बरी आसंय. काळजी घेवा."

ती हो म्हणाली असती तर हरिदास वडिलांशी दोन हात करायला तयार होता. पण तिला नको असेल तर कुणाशी आणि कशासाठी भांडायचं? शिवाय त्याला भलतीच धास्ती होती. आपल्याला फुकटची स्वयंपाकीण हवी आहे म्हणून हा बोलावतोय, असं तिला वाटलं तर? आपल्याला तीच हवी आहे, तिच्या हातची आमटी नव्हे, हे तिला आधी कळायला पाहिजे. हे कळवायचं कसं, या विवंचनेत माणूस असताना गॅरेजात ती पांढरी गाडी आली.

गाडी कुठल्याशा बँकेच्या साहेबाची. साहेब ती विकून देश सोडून गेला होता आणि नव्या मालकाची तक्रार होती की टेपमध्ये कॅसेट अडकली आहे. हरिदासने टेप खोलून कॅसेट अलगद सोडवली, गुंतलेली फीत पेन्सिलीने गुंडाळली, हेड पुसलं आणि टेप चालतोय का हे बघायला तीच कॅसेट परत लावली.

आधी नुसती गिटार वाजली, तीही कुणीतरी विचार करत करत तारा छेडाव्यात तशी. मग एक पुरुष गायला लागला. गायला म्हणण्यापेक्षा समजूत घालायला लागला. सुरुवातीला अगदी खालच्या आवाजात, घरातलं कुणी जागं होऊ नये अशा बेताने. मग आवाज चढत गेला, मागून व्हायोलिनं धावून आली, आणि आता हा माणूस रडतो की काय असं वाटेपर्यंत वर जाऊन, जे मागत होता ते बहुधा न मिळाल्यामुळे, तो पुन्हा खाली उतरला आणि गप्प झाला. शब्द एक कळेल तर शपथ.

शेजारी रहिमतुल्ला चाचा पत्रा ठोकत होता. त्याचा हातोडा थांबला. पेशावरकडचा हा म्हातारा डेंटर स्वतःच्या हातोड्याशिवाय कशाचंच ऐकत नसे.

"कौन मर गया?" त्याने विचारलं.

"कोई नहीं मरा चाचा," ताहिर म्हणाला. "इश्क है."

"तो वही बात हुई," असं म्हणून चाचाने हातोडा मांडीवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत तो उचलला नाही.

ताहिर म्हणजे गॅरेजातला रंगारी आणि झिंजमधल्या एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, डोक्यावर हरिदासची खोली होती तिथला त्याचा भागीदार. हे गाणं स्पॅनिश आहे असं त्यानेच ठरवलं, कारण हॉटेलातल्या फिलिपिनो बँडला त्याने एकदा असलंच काही गाताना ऐकलं होतं. नव्या मालकाला कॅसेट नको होती. हरिदासने ती खिशात टाकली आणि दिवसभर त्याचं वायरींकडे लक्ष लागलं नाही. त्याला जे राधेला सांगायचं होतं ते हा परका माणूस बिनदिक्कत, व्हायोलिनं लावून सांगून मोकळा झाला होता.

संध्याकाळपर्यंत बेत पक्का झाला. हिंदी सिनेमाचं प्रेमाचं गाणं पाठवलं असतं तर वाडीतल्या पोरासोरांनाही अर्थ कळला असता, आणि विहिरीवर बायकांनी राधेला जगणं नकोसं केलं असतं. मराठी भावगीताचं तर नावच नको. पण स्पॅनिश! या भाषेत त्याचे वडील अडाणी, भाऊ अडाणी, काकी अडाणी आणि तो स्वतःही अडाणी. सगळ्यांच्या देखत, उजळ माथ्याने, घरच्या पडवीत बायकोवर प्रेम करायची सोय या भाषेत होती. राधेला तेवढं कळेल, कारण ते तिच्यासाठीच असणार. हा तर्क कुठे लंगडतो हे कुणी त्या वेळी हरिदासला सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

पुढच्या शुक्रवारी जेवणं उरकल्यावर त्याने स्वतःचा छोटा टेपरेकॉर्डर खाटेवर ठेवला आणि त्याच्या तोंडाशी ताहिरचा भला मोठा टेप आणून लावला. कौलं, म्हैस, औषध हे सगळं बोलून झालं. मग शक्य तितक्या बेफिकिरीने तो म्हणाला, "आता एक गाणा आयका. हयसर मिळाला," आणि ताहिरच्या टेपचं बटण दाबलं.

उत्तर यायला चांगला दीड महिना लागला. शेजारच्या दुकानात काम करणारा, कुडाळकडचाच सावंत सुट्टीवरून परतला तेव्हा फणसाची साठं, कुळथाचं पीठ आणि कॅसेट घेऊन आला. हरिदासने साठांना हात न लावता कॅसेट लावली. पहिला आवाज अर्थातच दाजींचा. हरिदासचे वडील दाजी परब म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले भजनी बुवा. समोरचा बोलतो आहे ते सुरात आहे की नाही एवढंच ते ऐकत, आणि नसलं तर तसं तोंडावर सांगत.

"गाणा पावला," दाजी म्हणाले. "अरबी आसा, पण चाल बरी आसा. गळो हा मान्साक. तुझी आवस म्हणता, प्रेमाचा आसतला. मी तिका सांगितलंय, गप रव. इतक्या काकुळतीन मानूस देवाकच हाक मारतलो. बायलेक कोण मारता?"

यानंतर आई कौलांबद्दल बोलली, भाऊ एका कॅल्क्युलेटरबद्दल बोलला. सर्वांत शेवटी राधा. "मी बरी आसंय. गाणा आयकलंय." खट्, आणि बंद.

हरिदासने ते दोन शब्द फीत झिजेपर्यंत ऐकले. ताहिरलाही ऐकवले.

"आयकलंय मतलब?"

"सुना."

"बस? पसंद आया, नहीं बोली?"

"नहीं."

"नापसंद भी नहीं बोली." ताहिरने यावर बराच विचार केला. "तो और भेज."

आणखी भेजायचं म्हणजे आणखी गाणी हवीत. मनामाच्या बाजारात जैनुद्दीनचं कॅसेटचं दुकान होतं. हा मलबारी माणूस जगातल्या कुठल्याही भाषेतलं दुःख मागितल्याबरोबर काढून देई. हरिदासने चाल गुणगुणून दाखवली. त्याचा सूर बापाकडून त्याच्याकडे आलेला नव्हता, तरी जैनुद्दीनने ओळखलं आणि फळीवरून सरळ चार कॅसेट काढल्या. वेष्टनांवर एकेक देखणा पुरुष, कोट घातलेला, केस जागच्या जागी, आणि डोळ्यांत जग बुडाल्याची कळा.

"किसके लिए चाहिए?" जैनुद्दीनने विचारलं. "घरवाली के लिए, या बाहरवाली के लिए?"

"घरवाली."

"फिर ये ले जाओ. इसमें आदमी थोड़ा कम रोता है."

हरिदासने अर्थ विचारला. जैनुद्दीन हसला. त्याच्याकडे ही गाणी न्यायला इथली कॉलेजातली अरब पोरं येत, फिलिपिनो नर्सा येत, एक म्हातारा इराणी न्हावी दर महिन्याला येई, आणि गल्ल्यावर बसून जैनुद्दीन स्वतः ऐके तो वेगळाच. यातल्या कुणालाही स्पॅनिश येत नव्हतं. "वीस साल से बेच रहा हूँ," तो म्हणाला. "फॅशन आता है, जाता है. ये नहीं जाता. और जो मतलब पूछता है, वो खरीदता नहीं. मतलब मालूम होने से आदमी बोलता है, अरे, इतना ही था? नहीं मालूम तो अपना मतलब डालो. जगह खाली है."

हरिदासने अर्थ पुन्हा विचारला नाही. त्याने तीन कॅसेट घेतल्या आणि प्रत्येक गाण्यात आपला अर्थ ओतायला सुरुवात केली. एका गाण्याचा अर्थ होता, तू लुगड्याचा पदर खोचून अंगण सारवत होतीस तेव्हा मी पडवीतून बघत होतो. दुसऱ्याचा होता, सुट्टीत मी रंगाचे डबे आणत बसलो, ते चुकलं. तिसरं जरा लांबलचक होतं, त्यात सगळंच होतं. एकेका शुक्रवारी एकेक गाणं गेलं. सुट्टीवर जाणारी माणसं हल्ली फार दिसत नाहीत, अशी तो तक्रार करू लागला.

माघाच्या जत्रेनंतर घरची कॅसेट आली. जड वाटली, म्हणून हरिदासला वाटलं यात राधा जास्त बोललेली असणार. कॅसेटचं वजन बोलण्याने वाढत नाही हे विजेच्या माणसाला माहीत असायला हवं होतं. दुपारची वेळ, ताहिर कांदा चिरत बसलेला, आणि दाजींचा आवाज खोलीत घुमला.

"हरी, जत्रेक डबलबारी झाली. समोर वेंगुर्ल्याचो बुवा. आता आयक."

आपल्याकडे डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांची समोरासमोर जुंपते. एक गातो, दुसरा त्याच्यावर कडी करतो. नवीनातली नवीन चाल आणून तिच्यावर देवाचे शब्द चढवायचे यात बुवाची खरी मर्दुमकी. आजवर सिनेमातल्या चालीच देवाच्या कामी येत, आणि त्या समोरच्यालाही पाठ असत. दाजींनी मात्र अशी चाल काढली होती की ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुणाच्या बापाने ऐकलेली नव्हती.

पेटीचे सूर आले. तेच, विचार करत करत छेडलेले. मग दाजी विठ्ठलाची समजूत घालू लागले. आधी खालच्या आवाजात, देवळातलं कुणी जागं होऊ नये अशा बेताने. मग पखवाज पडला, झांजा तुटून पडल्या, व्हायोलिनांच्या जागी वीसेक गावकरी धावून आले, आणि हरिदासने राधेसाठी, फक्त राधेसाठी पाठवलेलं गाणं सबंध गावाने टाळ्या पिटत विठ्ठलाच्या गळ्यात घातलं. शेवटी वेंगुर्ल्याच्या बुवाने हार मानून बारी सोडल्याचंही टेपवर ऐकू आलं.

ताहिर कांद्यासकट आडवा झाला होता. हसून हसून त्याला ठसका लागला. "तेरा लव लेटर!" तो म्हणत होता. "तेरा लव लेटर अल्ला के पास पहुँच गया यार!"

हरिदास हसला नाही. त्याचा पहिला विचार हाच की आता हे गाणं मेलं. पण मग ती जागा आली, जिथे तो परका माणूस वर चढून मागतो, आणि दाजींचा म्हातारा, तंबाखूने खरखरीत झालेला गळा तिथे चढला. आपल्या वडिलांनी आयुष्यात कुणाजवळ काही मागितलं असेल असं हरिदासला कधी वाटलं नव्हतं. ताहिरचंही हसणं थांबलं होतं. "अच्छा गाता है बुड्ढा," तो हळूच म्हणाला आणि डोळे पुसून त्याने कांद्याला दोष दिला.

कॅसेटच्या अखेरीस राधा होती. "मी बरी आसंय. भजन बरा झाला."

हरिदास कपाळाला हात लावून बसला. इतक्या महिन्यांच्या खटाटोपात त्याचं प्रेम विठ्ठलाला कळलं होतं, दाजींना उपयोगी पडलं होतं, वेंगुर्ल्याच्या बुवाला भोवलं होतं. विठ्ठलाला व्हिसा नको होता. जिला हवा की नको हे विचारायचं होतं, ती तिथेच होती.

तशात अरबाबने गॅरेजमध्ये येऊन हाक मारली. "हरी, पेपर किधर? मैं जाएगा, फिर खलास."

"इंशाल्ला, अरबाब."

"इंशाल्ला नहीं. यल्ला, जल्दी."

तेव्हा हरिदासने जे पहिल्याच दिवशी करता आलं असतं ते केलं. कॅसेट घातली, लाल बटण दाबलं आणि कौलांचं नाव न काढता म्हणाला, "दाजी, माका तिका हय हाडूची आसा. पण तिका येवचा आसात तरच. राधा, तुका येवचा आसा काय नाय, ता तू सांग. दुसऱ्या कोणी सांगूचा नाय. ऐतवारी मी रेशनच्या दुकानात फोन करतलंय." घाम पुसून त्याने टेप बंद केला. गाणं वगैरे काही नव्हतं. चोवीस तासांत मुंबईचं विमान धरणाऱ्या एका ओळखीच्याच्या हातावर ती कॅसेट ठेवली आणि रविवारपर्यंत त्याने तीन चांगल्या बॅटऱ्या उलट्या जोडल्या.

रविवारी फोनवर आधी दाजीच आले. "ह्या टायमाक गाणा कित्याक नाय धाडलंस?" त्यांनी दरडावून विचारलं. मग फोन खाली ठेवल्याचा, खसखस झाल्याचा, कुणीतरी 'बोल गो' म्हटल्याचा आवाज आला. साखरेची रांग श्वास रोखून उभी असणार, हे हरिदासला तिकडे न जाता दिसत होतं.

"मी येतंय," राधा म्हणाली. सगळ्यांसमोर, खणखणीत.

हरिदासने याचं सगळं श्रेय कोट घातलेल्या त्या देखण्या माणसाला दिलं. बायकोला अखेर कळलं. भाषा कळो न कळो, काळजातलं काळजाला पोचतंच, असं तो ताहिरला ऐकवू लागला, इतकं की ताहिरने कानात कापूस घालायची धमकी दिली. अरबाबने सही केली. हमद टाउनमध्ये नवव्या राउंडअबाउटजवळ एका बंगल्याच्या मागची खोली मिळाली. राधा विमानाला न घाबरता आली आणि विमानतळावर दोघंही एकमेकांकडे न बघता बॅगांकडे बघत राहिले.

पहिल्या शुक्रवारी तिने कनादीची, म्हणजे आपल्या सुरमईचीच, कढी केली. पोटभर जेवण झाल्यावर हरिदास उठला. ताहिरचा मोठा टेप त्याने खास मागून आणला होता. गॅरेजात सापडलेली ती पहिली कॅसेट त्याने आत सारली, राधेला खुर्चीत बसवलं आणि बटण दाबलं. पडवी नाही, सभा नाही, काकी नाही. गिटार वाजली. तो माणूस समजूत घालू लागला.

राधेने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"ह्यां काय करतंस?"

"दाजींचा भजन न्हय ह्यां?"

"भजन न्हय गो! ह्यां बायलेसाठीचा गाणा. तुझ्यासाठी धाडलेला मी. सगळी गाणी तुझ्यासाठी धाडलेली."

राधेने जोडलेले हात सोडले. तिने टेपकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मगे माका कोणी आयकाक दिल्यानी कधी? गाणा लागला काय आवस म्हणा, राधा, च्या टाक. अर्धी वाडी बसलेली. मी चुलीकडे फुंकर मारतंय, थंयसून काय आयकाक येतला? आयकलंय म्हटलंय ता दाजींनी सांगितल्यानी म्हणान. भजन तेवढा देवळात आयकलंय."

हरिदास खाटेवर बसला. वर चढून तो परका माणूस मागत होता आणि खोलीत कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं. अंगण सारवणारी राधा, रंगाचे डबे, ते लांबलचक सगळंच, चुलीच्या धुरात गेलं होतं. पाठवताना त्याला ज्याची भीती होती तेच झालं असणार : आलीय ती नवऱ्याने बोलावलं म्हणून, कर्तव्य म्हणून, आमटी रांधायला. त्याला फार वाईट वाटलं.

"मगे तू येतंय कित्याक म्हटलंस?" त्याने विचारलं.

राधा हसली, आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "सांगलंय तर रागावशात."

"सांग."

"गाणा संपला काय दाजी टेप बंद करीत. म्होरा काय आसा ता कोणी आयकूकच नाय. एकदा दुपारी सगळी शेतात गेली तेवा मी बटण दाबलंय, दाजींनी थांबयल्यानी थंयसून म्होरा. गाणा नाय काय नाय, टेप आपलो चालूच."

"म्होरा काय होता?"

"तुमी."

"मी काय बोललंय?"

"बोलूक नाय काय. घोरल्यात."

हरिदासला आधी खरं वाटेना. मग हळूहळू उलगडा होत गेला. शुक्रवारची दुपार, भात आणि मासे, खाट, त्यात ते संथ गाणं. लाल बटण दाबून तो पडल्या पडल्या ऐके, आणि उठे तेव्हा कॅसेट आपली आपण संपून थांबलेली असे. प्रत्येक वेळी. एवढ्या मोठ्या आवाजात कुणी आपलं अंतरंग उघडं केलं नसेल, आणि त्याला पत्ताही नव्हता.

"आधी हसलंय," राधा म्हणाली. आता ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "मगे रोज दुपारी लावूक लागलंय. सगळ्या कॅसेटींवर आसा ता. लग्नाक इतकी वर्सां झाली, पन तुमचा घोरणा माका धड म्हायत नव्हता. तुमी घोरता घोरता मधीच थांबतास. एकदम गप. तेवा माका भिया वाटा. परत सुरू झाला काय बरा वाटा. मगे एक दिवस मनात इला, थंय ह्यांच्या कुशीक कोण नाय. थांबले तर हलवतलो कोण? म्हणान येतंय म्हटलंय."

गाणं संपलं होतं. फीत नुसतीच सरसरत होती. हरिदासला काहीतरी बोलायचं होतं, आणि आता ते ऐकायला ती एकटीच होती, पडवी नाही, वाडी नाही. त्याने तोंड उघडलं. एकही शब्द येईना, स्पॅनिशही नाही.

"निजा जरा," राधा म्हणाली. "दमल्यात."

तो आज्ञाधारकपणे आडवा झाला. ती खाटेच्या कडेला टेकली. हरिदासने डोळे मिटले, पण त्या दुपारी जन्मात पहिल्यांदाच माशांच्या जेवणावर त्याला झोप येईना. ती वाट बघते आहे हे त्याला कळत होतं. इतक्या लांबून ती जे ऐकायला आली ते आपण देऊ शकत नाही याची त्याला शरम वाटली. शेवटी त्याने श्वास ओढला आणि जीव ओतून, चढउतारांसकट, खोटं खोटं घोरायला सुरुवात केली. मध्ये एके ठिकाणी तो बेताने थांबलाही.

"ह्यां तुमचा न्हय," राधा म्हणाली, आणि तिने त्याला कुशीला धरून हलवलं.